साथीची वार्ता आणि आपला धर्म
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



एप्रिल २००९ मध्ये मेक्सिकोतून नव्या फ्ल्यूची वार्ता आली. ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती जागतिक साथ ठरविली आणि ३ ऑगस्ट रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीच्या रूपाने भारतातील पहिला बळी गेला. मी तेव्हा पुण्यातच शिक्षक होतो. माझ्या वर्गातील एका मुलास ताप आला. आळीने निदान करून टाकले. सांगावयास लाज वाटते, त्याच्या वडिलांनी हाक मारली असता मीही न ऐकल्यासारखे करून निघून गेलो. पुढे घशातील स्रावाची तपासणी होऊन मुलास तो रोग नसल्याचे ठरले.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. साथीची वार्ता कोणी दिली, केव्हाची आहे आणि तपासणी झाली आहे काय, हे आधी पाहावे. एकूण रुग्ण आणि नवे रुग्ण यांत गल्लत करू नये. आज दिसणारा आकडा काही दिवसांपूर्वीच्या संसर्गाचा असतो, हेही ध्यानी धरावे.

अंतर अवश्य राखावे. परंतु आजाऱ्याच्या दारात जेवणाचा डबा ठेवून यावे.