साखरेचा काटा आपल्या हाती



कापसाच्या काट्याशी आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. अंगातली साखर मात्र सहा-सहा महिने मोजत नाही. गेल्या वेचणीत इन्सुलिन घेऊन उपाशी आलेला गडी घामाघूम होऊन बसला. आम्ही म्हटलं, ऊन लागलं. दवाखान्यात कळलं, साखर उतरली होती!

दंडावर चिकटवायचा सेन्सर आता मिळतो. १४ दिवस कातडीखालची साखर मोबाईलवर दाखवतो, उतरली की वाजतो. महाग आहे. पण ग्लुकोमीटर तरी जवळ हवाच. आकडा ७० च्या खाली गेला की तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. आणि ज्वारी कितीही चालते म्हणणाऱ्यांनो, जेवल्यावर दोन तासांनी मोजून बघा.