कोर्लईचे भूशिर

भिवंडीच्या माणसाला समुद्र अगदीच परका नाही. पण आमच्याकडे तो येतो खाडीच्या चिखलातून, दबक्या पावलांनी, आणि मागांच्या खडखडाटात त्याची चाहूलही लागत नाही. खडकावर आपटणारा समुद्र पाहायचा असेल, तर हिवाळ्यातला एखादा दिवस मोकळा काढा आणि पनवेल, पेण, अलिबाग करीत रेवदंड्याला जा. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि पुढे थोड्याच अंतरावर कोर्लई.

हे भूशिर म्हणजे समुद्रात घुसलेली एक लांबट, उघडीबोडकी टेकडी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी. दगड आपल्या सह्याद्रीचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ओहोटीला खालच्या खडकांना चिकटलेली कालवं दिसतात, फटींतून खेकडे पळतात. पाण्यावर पाहुणे कुरव तरंगत असतात आणि तांबूस पंखांची ब्राह्मणी घार डोक्यावर घिरट्या घालते. दीपगृहापासून पायऱ्या चढू लागा. दम लागेल, लागू द्या. माथ्यावर पोचलात की दोन्हीकडचे पाणी एकदम दिसते.

आणि मग कळते, की या टेकडीसाठी एवढी झुंज का झाली. पलीकडे रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. इथे तोफा चढवल्या की तो माऱ्याखाली आला आणि खाडीचे तोंडही हाती आले. अहमदनगरच्या निजामशाहीने नेमके तेच केले. १५९४ साली पोर्तुगीजांनी किल्ला जिंकला, आणि पुढे १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज वर पडके चर्च आहे, पाण्याचे टाके आहे, बेवारशी तोफा आहेत.

बहुतेक लोक एवढे पाहून परततात. मीही विद्यार्थ्यांना घेऊन तसाच परतत होतो. पोरांनी तोफा मोजल्या, वहीत आकडे लिहिले. खाली गावात एका अंगणात एक आजी नातवाला हाका मारीत होती. शब्द काही केल्या कळेनात. ती पोर्तुगीजातून घडलेली इथल्या ख्रिस्ती वस्तीची बोली होती. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी ती घराघरांत टिकली. बोलणारे हजाराच्या आसपास. बाहेरचे लोक तिला क्रिस्ती म्हणतात.

विद्यार्थ्यांना मौज वाटली. मी म्हटले, हसू नका. भिवंडीत शनिवारी मागवाला ज्याची वाट पाहतो तो ‘पगार’ पोर्तुगीजांचाच, कुलपाची ‘चावी’ त्यांची आणि गवंड्याचे ‘घमेले’ही त्यांचेच.

आजींना मी विचारले, “ही कोणती भाषा?”

“आमची,” त्या म्हणाल्या. त्या बोलीत तिचे नावही तेच आहे, ‘नॉ लिंग’, म्हणजे आमची भाषा.

तुम्ही जाल तेव्हा किल्ल्यावरून थोडे लवकर उतरा आणि त्या गल्लीत दोन घटका उभे राहा. त्या दिवशी आजीने चार-पाच हाका मारल्यावर नातू आला. त्याने उत्तर दिले ते मराठीत.