शरीरातील सेलेनियमची वाटणी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात अहिल्यानगर येथे दिलेले व्याख्यान)



डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ या दोन महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यात, शेगावच्या परिसरातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. तीनचार दिवसांत मूठमूठ केस हातात येत आणि डोके तुळतुळीत होई. प्रथम पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. विंचूदंशावरील उपचारांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांची तपासणी केली, तेव्हा रक्तात सेलेनियम ३५ पट, मूत्रात ६० पट व केसांत तर १५० पट वाढल्याचे त्यांनी सांगितले. शिधावाटप दुकानांतून आलेला पंजाबकडचा गहू हे त्याचे मूळ, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर या भागांतील काही जमिनींत सेलेनियम फार आहे, ही गोष्ट कृषिशास्त्रज्ञांस पूर्वीपासून ठाऊक होती.

पण आम्हांस अधिक लागून राहिली ती वेगळीच वार्ता. त्या गावांतील कित्येकांचे शिक्षण खंडित झाले, जुळत आलेल्या सोयरिकींत विघ्ने आली. ज्या स्मरणिकेत आपण उपवर मुलामुलींची यादी छापतो, तिच्यातच म्हणूनच हा विषय यावा असे आम्हांस वाटले.

सेलेनियम हे विषच असते, तर प्रश्न सोपा होता. १८१७ साली स्वीडनच्या बर्झेलियसने ते शोधून काढले. पुढे १९५७ साली ते प्राण्यांच्या शरीरास आवश्यक आहे असे सिद्ध झाले. प्रौढ माणसास दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दशलक्षांश. एवढ्या अल्प धनाची वाटणी शरीर कशी करते, हे पाहण्यासारखे आहे.

अन्नातील सेलेनियम आतड्यातून यकृतात जाते. यकृत त्यापासून ‘सेलेनोप्रोटीन पी’ नावाचे प्रथिन तयार करून रक्तात सोडते. मानवी प्रथिनाच्या एका रेणूत सेलेनियमचे दहा अणू मावतात. रक्तद्रवातील निम्म्याहून अधिक सेलेनियम याच गाडीतून प्रवास करते. मेंदू व वृषण यांच्या पेशींवर ही गाडी ओळखणारी विशिष्ट ग्राहके असतात. ती प्रथिन आत ओढून घेतात. मूत्रपिंडातील वेगळी ग्राहके गाळून निघालेले प्रथिन परत उचलतात, म्हणजे ते वाया जात नाही.

प्रवरेच्या पाटाखाली ज्यांची शेती आहे, त्यांना आवर्तनाची पाळी नव्याने सांगावयास नको. पाणी कमी पडले की मुखाकडची शेते भिजतात आणि शेपटाकडचा शेतकरी पाटकऱ्याच्या मागे फिरतो. शरीरातील रीत याच्या अगदी उलट आहे. तुटवडा आला की पाटाच्या मुखाशी बसलेले यकृत स्वतः कोरडे पडते आणि दूरच्या मेंदूची पाळी मात्र चुकत नाही. उंदरांतील या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले, तर कमी सेलेनियमच्या आहारावर त्यांच्या मेंदूस इजा होते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००३ साली दाखविले. आम्हांस तर पाटबंधारे खात्याने यकृताकडे शिकवणीस जावे असे वाटते!

तुटवड्याची अशी उत्तम व्यवस्था आहे. अतिरेकाची मात्र तितकी नाही. जादा सेलेनियम शरीर मूत्रावाटे टाकते, फारच झाले तर श्वासावाटेही. अशा रुग्णाच्या तोंडास लसणीसारखा वास येतो. परंतु गव्हातील सेलेनियम बहुतांशी ‘सेलेनोमेथिओनीन’ या रूपात असते. मेथिओनीन हा आपल्या प्रथिनांतील नित्याचा घटक. शरीरास या दोघांतील भेद कळत नाही. त्यामुळे हे रूप पाळीची वाट न पाहता स्नायूंपासून केसांपर्यंत कोणत्याही प्रथिनात जाऊन बसते आणि तेथून सावकाश निघते. अतिरेकाची खूण केस व नखे यांवर दिसते ही जुनी वैद्यकीय नोंद आहे. शेगावकडेही २०२५ च्या एप्रिलमध्ये कित्येकांची नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या. हा संसर्ग नव्हे आणि आनुवंशिक दोषही नव्हे. भरपूर सेलेनियम असलेला घास थांबला की केस पुन्हा उगवू शकतात. तेव्हा त्या गावांकडील स्थळ आले असता मध्यस्थांनी केसांची चौकशी करू नये, शिक्षणाची व स्वभावाची करावी.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. केस दाट होतील म्हणून हल्ली औषधांच्या दुकानांतून सेलेनियमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा २५५ मायक्रोग्रॅम ठरविली, आणि तीत अन्नातले व गोळीतले दोन्ही धरलेले असते. त्याहून फार अधिक घेत राहिल्यास जे केस राखावयाचे तेच गळतात. घरी अशी बाटली असेल, तर तिच्यावरील आकडा वाचून घ्यावा आणि तो आपल्या डॉक्टरांस दाखवून मगच पुढची गोळी घ्यावी.