टोप डोक्याला बसायला हवा

गेल्या वर्षीचं मुलांचं नाटक आठवतंय? छोट्या सरदाराचा भाड्याचा टोप डोळ्यांवर घसरला. आपण सगळे हसलो. पुढच्याच क्षणी तो पायरी चुकून पडला, हनुवटीला टाके पडले.

म्हणून यंदा आम्ही टोप आतून बसवून घेतले. भुवयांच्या वरून टेप फिरवून प्रत्येकाचं माप घेतलं. टोपाचा आतला घेर डोक्यापेक्षा 6 सेंटीमीटरनं मोठा असेल, तर साधारण 1 सेंटीमीटर जाडीचा फोम पुरतो. सलग पट्टी लावायची नाही. कपाळ, मागची बाजू आणि दोन्ही कडा असे चार तुकडे. मधून हवा खेळते, कान मोकळे राहतात.

फोमवर घाम टिपायला अस्तर आपल्या बाग छपाईच्या जुन्या सुती साड्यांचं. बागिनीच्या वाहत्या पाण्यात धुतलेलं हे कापड वापरून आणखी मऊ झालेलं. ते वेल्क्रोनं लावलंय, म्हणजे काढून धुता येतं. हनुवटीचा पट्टाही वेल्क्रोचाच. ओढला की सुटतो.

टोप घालून मुलांना वाकायला, पायऱ्या उतरायला लावलं. सगळ्यात आधी आपला छोटा सरदार उतरला.

गणपती बाप्पा मोरया!