सल्लागार कसा असावा? ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांची गोष्ट

गटाच्या बैठकीत बसून ऐकणाऱ्या, भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या, रानात मोबाइलवर रेडिओ लावलेल्या सगळ्या तायांना आणि मावश्यांना माझा नमस्कार.

मागे एका बैठकीत एका मावशींनी मला विचारलं, "अगं, बातम्यांत सारखं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणतात. तो मंत्री असतो, का लष्करातला साहेब असतो?" प्रश्न चांगला होता. आपल्या देशात हे पद १९९८ साली सुरू झालं. अमेरिकेत ते १९५३ पासून आहे. तिथे राष्ट्राध्यक्षांना युद्ध, शेजार आणि संरक्षण याबद्दल सल्ला द्यायचा, हे या माणसाचं काम. तो निवडणूक लढवत नाही, त्याच्या हाताखाली फौज नसते. त्याची ताकद एवढीच, की त्याचं बोलणं थेट राष्ट्राध्यक्षांच्या कानी जातं. म्हणून तो माणूस कसा आहे, याला फार महत्त्व येतं.

हे काम फार चांगलं करणारा म्हणून ज्यांचं नाव घेतात, ते ब्रेंट स्कोक्रॉफ्ट. आज त्यांची गोष्ट सांगते.

जन्म १९२५ चा, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा. घरी किराणा मालाचा घाऊक धंदा. पोराला मात्र सैन्यात जायचं होतं. शिक्षण पुरं करून ते हवाई दलात दाखल झाले. पण १९४९ च्या जानेवारीत सरावाच्या वेळी त्यांचं विमान कोसळलं. पाठीचं हाड मोडलं. जवळजवळ दोन वर्षं दवाखान्यात काढावी लागली. वय तेव्हा २३. लढाऊ वैमानिक व्हायची वाट तिथेच बंद झाली.

मग त्यांनी पुस्तकं हाती घेतली. रशियन भाषा शिकले, सैनिकी विद्यालयात रशियाचा इतिहास शिकवला, युगोस्लाव्हियातल्या अमेरिकी वकिलातीत काम केलं, पीएचडी मिळवली. विमान सुटलं, पण हवाई दल सुटलं नाही. चढत चढत ते लेफ्टनंट जनरल झाले.

१९७३ मध्ये ते हेन्री किसिंजर यांच्या हाताखाली उपसल्लागार झाले. किसिंजर तेव्हा परराष्ट्रमंत्रीही होते आणि सुरक्षा सल्लागारही. एकाच माणसाकडे दोन्ही पदं! म्हणजे मंत्री म्हणून मागणी करायची आणि सल्लागार म्हणून ती योग्य आहे का, हेही आपणच सांगायचं. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ही पदं वेगळी केली आणि सल्लागारपद स्कोक्रॉफ्ट यांना दिलं. त्यानंतर ते हवाई दलातून निवृत्त झाले. पुढे १९८९ मध्ये थोरले जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनीही स्कोक्रॉफ्टनाच बोलावलं. दोन वेगळ्या राष्ट्राध्यक्षांनी सुरक्षा सल्लागार म्हणून नेमलेला हा पहिलाच माणूस.

त्यांची कामाची रीत साधी होती. संरक्षणमंत्री काय म्हणतात, परराष्ट्रमंत्री काय म्हणतात, सेनाप्रमुख काय म्हणतात, ते जसंच्या तसं राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवायचं. आपलं मत विचारलं तर सांगायचं, पण आपल्याला आवडत नाही म्हणून दुसऱ्याचं मत दाबायचं नाही.

एक प्रसंग मला फार आवडतो. २ ऑगस्ट १९९० ला इराकच्या सद्दाम हुसेनने कुवेत हा शेजारचा छोटा देश गिळला. त्या दिवशी अमेरिकेत पहिली बैठक झाली, ती बरीच भरकटली. जे झालं ते झालं, अशाच सुरात काही जण बोलत होते. स्कोक्रॉफ्टना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीआधी त्यांनी बुश यांच्याशी बोलून घेतलं. हा कब्जा आपण मान्य करता कामा नये, हे कुणीतरी सुरुवातीलाच ठामपणे मांडायला हवं होतं. पण ते राष्ट्राध्यक्षांनीच मांडलं तर बाकीचे मोकळेपणाने बोलणार नाहीत. म्हणून ते स्कोक्रॉफ्टनी मांडायचं आणि बुश यांनी आधी ऐकून घ्यायचं, असं ठरलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्यापासून लांबची वाटते ना? पण त्या वेळी १ लाख ७० हजारांहून जास्त भारतीयांना तिकडून विमानांनी परत आणावं लागलं. त्यात गोव्याची, कोकणाची माणसंही होती. तेलाचे भाव चढले, आखातातून घरी येणारा पैसा घटला, आणि देशाची परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत गेली. दूरच्या खोलीतल्या बैठकीचा चटका असा आपल्या चुलीपर्यंत येतो.

१९९१ च्या जानेवारीत युद्ध सुरू झालं, फेब्रुवारीअखेर कुवेत मोकळा झाला. फौजा पुढे बगदादपर्यंत न्यायच्या नाहीत, असं बुश आणि स्कोक्रॉफ्ट यांनी ठरवलं. दुसऱ्याचा देश ताब्यात घेतला तर त्यातून बाहेर पडायची वाट कुठली, असा त्यांचा विचार होता.

पण इथे एक खरं सांगायलाच हवं. त्याच फेब्रुवारीत बुश यांनी इराकी जनतेला सद्दामविरुद्ध उठायला सांगितलं होतं. लोक उठले, दक्षिणेत शिया आणि उत्तरेत कुर्द. सद्दामच्या सैन्याने त्यांना चिरडलं, तेव्हा अमेरिका बघत राहिली. हजारो मेले, लाखो कुर्द बायामाणसं पोरं घेऊन डोंगरात पळाली. चांगल्या सल्लागाराच्या खात्यावरही अशी नोंद असते. ती खोडून गोष्ट सांगू नये.

आता गोष्टीचा शेवटचा भाग. २००१ मध्ये धाकटे बुश राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे स्कोक्रॉफ्टच्या जिवलग मित्राचा मुलगा. त्यांच्या सुरक्षा सल्लागार झाल्या कोंडोलीझा राइस, या पदावरची पहिली बाई. १९८९ मध्ये राइसना आपल्या कचेरीत कामाला घेतलं होतं ते स्कोक्रॉफ्ट यांनीच. म्हणजे सगळी घरचीच माणसं. आणि या घरच्या माणसांनी इराकवर पुन्हा युद्धाची तयारी चालवली.

स्कोक्रॉफ्ट तेव्हा ७७ वर्षांचे होते. गप्प बसले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण १५ ऑगस्ट २००२ ला त्यांनी एका मोठ्या वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि उघड सांगितलं, सद्दामवर हल्ला करू नका. यात आपले साथी दुरावतील, दहशतवादाविरुद्धची लढाई मागे पडेल, आणि इराकमध्ये फार काळ अडकून पडावं लागेल.

कुणी ऐकलं नाही. २००३ च्या मार्चमध्ये युद्ध झालंच. ज्या महाभयंकर शस्त्रांचं कारण दिलं होतं, ती सापडलीच नाहीत. चार हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक गेले, आणि इराकची एक लाखाहून जास्त साधी माणसं गेली. आपला सल्ला खरा ठरला, याचं समाधान तरी कसं वाटावं?

एक हलकी आठवणही आहे. स्कोक्रॉफ्ट बैठकीत डुलक्या काढायचे. थोरल्या बुश यांनी गमतीने त्यांच्या नावाचं बक्षीसच काढलं होतं, बैठकीत सर्वांत छान झोपणाऱ्याला! पण घरी त्यांची पत्नी मधुमेहाने आजारी असायची. कचेरीतून रात्री उशिरा परतून ते तिचं करायचे. १९९५ मध्ये ती गेली. स्कोक्रॉफ्ट २०२० च्या ऑगस्टमध्ये गेले, ९५ व्या वर्षी.

आपल्या गटातही सल्लागार असतात. सचिव असते, लेखनिक असते, माझ्यासारखी सहयोगिनी असते. कर्जमागणीवर बोलणं निघालं की अध्यक्षताई आधी बोलतात आणि बाकीच्या माना डोलवतात. मीसुद्धा कितीदा माझं मत आधी सांगून मोकळी झाले आहे. मग इतिवृत्तात लिहितो, "सर्वानुमते मंजूर."

पुढच्या बैठकीत असं करून बघा. अध्यक्षताईंनी शेवटी बोलायचं. कोपऱ्यात बसणाऱ्या ताईला आधी विचारायचं. जिचं मत वेगळं, तिचंही इतिवृत्तात लिहायचं. आणि कर्ज मागणारी आपली जाऊ असली, जिवाभावाची मैत्रीण असली, तरी हप्ता झेपणार नाही असं दिसत असेल तर तिला तोंडावर, प्रेमानं सांगायचं. ती चार दिवस रागावेल. रागावू द्या.

काय झालं ते मला बैठकीत भेटल्यावर सांगा. येते मी. नमस्कार.