माळढोकाचे अभयारण्य आणि सातबाऱ्यावरची माणसे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९७९ साली महाराष्ट्र शासनाने सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर केला. हा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. सबंध गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे आहे. दोन गोवे मावतील एवढ्या या प्रदेशात अरण्य म्हणावे असे फारच थोडे होते. होती ती गावे, बाजारपेठा, ज्वारीची शेते, आणि मधूनमधून शिल्लक राहिलेले गवताळ माळ.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. त्यातील कलम १८ खालील अधिसूचना निघाली की कलम २० लागू होते, आणि वारसाहक्क सोडून त्या जमिनीत कोणालाही नवा हक्क संपादन करता येत नाही. यानंतर जिल्हाधिकाऱ्याने हक्कांची चौकशी करावी, कोणाचे काय आहे ते ठरवावे, भरपाई द्यावी, असा कायद्याचा क्रम आहे. हे काम शक्यतो दोन वर्षांत संपवावे असे सांगण्याची बुद्धी संसदेला झाली ती २००३ च्या दुरुस्तीत. मधल्या काळात शेतकऱ्याच्या वाट्याला बंधने तेवढी आली, निवाडा आला नाही. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकू पाहणारा कोरडवाहू शेतकरी अडला. अकृषिक परवानगी मागणारा लहान कारागीर अडला. ज्याने पक्ष्याचे कधी काही वाकडे केले नव्हते, त्याला पक्षी वैरी वाटू लागला. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. मूळ क्षेत्राचा हा जेमतेम सातवा हिस्सा. उरलेले सहा हिस्से तीन दशके कशासाठी वेठीला धरले होते, याचा जाब कोणी कोणाला विचारलेला नाही.

बरे, एवढे करून पक्षी तरी वाचला काय? नान्नजच्या माळावर आज माळढोक दिसला तर ती बातमी ठरते. साऱ्या देशात दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पक्षी उरले असावेत असा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानातील जैसलमेरच्या बाजूला आहेत.

याची कारणे पक्ष्याच्या संसारात आणि माळाच्या अर्थकारणात शोधली पाहिजेत. माळढोकाची मादी एका हंगामात बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्याने, कोल्ह्याने किंवा बेसावध पावलाने ते गेले की त्या मादीचे वर्ष गेले. पक्षी नाकतोडे, भुंगेरे, बोरे, ज्वारी, भुईमूग असे मिळेल ते खातो. म्हणजे कोरडवाहू शेती आणि धनगराची मेंढरे यांच्या शेजाराने तो पिढ्यान्‌पिढ्या जगत आला. मालदांडी ज्वारीचा शेतकरी त्याचा शत्रू नव्हता.

माळ बदलला तो १९८० च्या सुमारास. भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले, पाणी आले, आणि पाण्यामागोमाग ऊस आला, साखर कारखाने आले. दुष्काळी शेतकऱ्याने पाणी मागू नये, असे म्हणण्याचा अधिकार शहरातील पक्षिमित्राला नाही. पण ते पाणी किती कोरडवाहू कुटुंबांत वाटले गेले आणि किती थोड्या उसाने पिऊन टाकले, हा प्रश्न समाजवाद्याने विचारायचा नाही तर कोणी? अभयारण्याचा नियम दोन एकरवाल्याला जसा आडवा आला, तसा उसाला आला नाही.

शासनाचे दुसरे अज्ञान सरकारी दप्तरातच आहे. तेथे गवताळ माळ ‘पडीक’ ठरतो, आणि पडीक म्हटले की तेथे काहीतरी केलेच पाहिजे असा उत्साह चढतो. मग खड्डे खणले जातात, गिरिपुष्पासारखी झाडे लावली जातात, वनीकरणाचे आकडे फुगतात. उघड्या रानात दूरवर पाहून जगणाऱ्या पक्ष्याला झाडांची गर्दी म्हणजे घर मोडणेच. मेंढपाळाचा चारा जातो तो वेगळाच.

जैसलमेरकडे याच गोष्टीचा दुसरा अध्याय चालू आहे. तेथे सौर आणि पवन ऊर्जेच्या विजेच्या तारांवर हा जड, समोरचे नीट न दिसणारा पक्षी आदळून मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ च्या मार्चमध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. वीज कंपनीच्या अडचणीचा फेरविचार तीन वर्षांत झाला. सोलापूरच्या शेतकऱ्याला तीस वर्षांहून अधिक थांबावे लागले. कोळशाची वीज हटली पाहिजे, याबद्दल दुमत नको. मात्र तारांचा वाढीव खर्च नफ्यातून भागवायचा की पक्ष्याच्या वंशातून, एवढे स्पष्ट व्हावे.

आता आपल्या चळवळीला अवघड वाटणारी गोष्ट. माळ राखायचा म्हणजे बऱ्याच ठिकाणी गायरान राखायचे. आणि गायरान भूमिहीनांना मिळावे म्हणून १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित तुरुंगात गेले. ती मागणी न्याय्य होती, आजही आहे. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश राज्यांना दिले, तेव्हा भूमिहीनांना आणि अनुसूचित जातिजमातींना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. तो अपवाद कार्यकर्त्याने तलाठ्यापुढे आणि ग्रामसभेत पुन्हा पुन्हा मांडावा. नाहीतर ‘माळ वाचवा’ म्हणणारा माणूस नकळत बड्या बागायतदाराच्या बाजूने आणि दलिताच्या झोपडीविरुद्ध उभा राहील.

तेव्हा ज्या गावांत अजून माळ उरला आहे, तेथे प्रथम नकाशा मागून घ्यावा. गायरान किती, त्यांतले बागायतीखाली किती गेले आणि कोणाच्या, भूमिहीनांकडे किती, मेंढरे कोठे चरतात, काळविटांनी कोणाची ज्वारी खाल्ली आणि नुकसानभरपाईचा अर्ज कोठे पडून आहे, याची नोंद गावानेच करावी. विणीच्या काळात कोणता तुकडा मोकळा सोडायचा ते धनगर वाड्यावर बसून ठरवावे, आणि तेवढ्या महिन्यांच्या चाऱ्याचे पैसे वनखात्याकडून आधी घ्यावेत, मागाहून नव्हे.