चौदा तासांचा हिशेब

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि भगिनींनो, संयोजकांनी मला 'यशाचा मंत्र' असा विषय दिला होता. मी त्यांना फोनवरच सांगितलं, मंत्र माझ्याकडे नाही. एक जुनी वही आहे, तिच्यात सात दिवसांचा हिशेब लिहिलेला आहे. चालत असेल तर ती घेऊन येतो. ते हो म्हणाले, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं की मी हिशेबनिसाचं काम करतो आणि संध्याकाळी मोहल्ल्यातली अभ्यासिका सांभाळतो. त्यात एक गोष्ट राहून गेली, ती मीच सांगतो. राज्यसेवा परीक्षेला मी चार वेळा बसलो. तीन वेळा पूर्वपरीक्षेतच गळालो. चौथ्या वेळी मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो आणि तिथून परत आलो. तेव्हा आज जो बोलतोय तो यादीत नाव आलेला माणूस नाही, हे आधीच लक्षात घ्या.

मी मिरजेचा. २०१५ साली पुण्याला गेलो. सदाशिव पेठेत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. अभ्यासिकेतली जागा, मेसचा डबा आणि भिंतीवर वेळापत्रक. त्या वेळापत्रकात रोज चौदा तास अभ्यास लिहिलेला होता. सकाळी सातला मी खुर्चीवर बसायचो आणि रात्री अकराला उठायचो. घरून फोन आला की अम्मीला अभिमानाने सांगायचो, 'आज चौदा तास झाले.' अम्मी शेजारणीला सांगायची. मलाही ते खरं वाटायचं.

२०१८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. दुपारी अम्मीचे तीन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. अभ्यासात व्यत्यय नको, असं मनाला सांगितलं. पण त्या वेळी मी काय करत होतो? कानात हेडफोन घालून परीक्षेत पहिल्या आलेल्या एका उमेदवाराची मुलाखत पाहत होतो. तो सांगत होता की एकाग्रता फार महत्त्वाची असते.

तिकडे अब्बा दुकानाच्या पायरीवरून घसरले होते आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. अब्बा शिंपीकाम करायचे, पाय गेला म्हणजे शिलाई मशीन गेलं. मला ते रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी मिरजेला पोचलो तेव्हा दवाखान्याची कागदपत्रं, पैशांची जुळवाजुळव, रक्ताची सोय, सगळं झालेलं होतं. ते केलं होतं माझ्या धाकट्या बहिणीनं. ती एकोणीस वर्षांची होती आणि मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. करत होती.

अब्बांचं ऑपरेशन झालं. मी दोन महिने घरीच राहिलो आणि त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच बहिणीचा दिवस डोळ्यांनी पाहिला. पहाटे उठून पाणी भरायचं, स्वयंपाक, अब्बांचं सगळं, मग शेजारच्या मुलांची शिकवणी, पुन्हा स्वयंपाक. अभ्यासाला तिला दोन तुकडे मिळायचे. फज्रनंतर दीड तास आणि रात्री ईशानंतर एक तास. एकूण अडीच तास. तेवढ्यात ती धडा वाचायची, पुस्तक मिटायची आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायची. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते पाहायची. बस्स. त्या वर्षी ती पहिल्या वर्गात पास झाली. मी त्या वर्षीही पूर्वपरीक्षेत गळालो.

एके रात्री मी तिला विचारलं, 'तुला एवढ्या वेळात जमतं कसं? मी तर चौदा तास करतो.' ती भांडी पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, 'भाई, तू खुर्चीवर बसलेले तास मोजतोस.'

मला राग आला. खरं बोललेलं माणसाला लागतंच. पण दुसऱ्या दिवशी एक वही घेतली. दर अर्ध्या तासाने खरं काय केलं ते लिहायचं ठरवलं. कुणाला दाखवायचं नव्हतं, त्यामुळे खोटं लिहिण्याचं कारण नव्हतं. पुण्याला परतल्यावर सात दिवस हे केलं. सात दिवसांनी बेरीज मारली. चौदा तासांतला खरा अभ्यास सरासरी चार तास दहा मिनिटं. बाकीचा वेळ चहा, गप्पा, निकालांची चर्चा, नोट्सना रंगीत पेनाने रेघा मारणं आणि मोबाईल यात गेला होता. एकट्या यशोगाथांच्या व्हिडिओंना रोज पावणेदोन तास जात होते. दुसऱ्याचं यश पाहण्यात मी माझे पावणेदोन तास घालवत होतो आणि त्याला तयारी म्हणत होतो.

आता या वहीतून जे शिकलो ते सांगतो. चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट लक्षाची. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की एक काम अर्धवट सोडून आपण दुसऱ्याकडे वळतो तेव्हा मनाचा एक भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. आपल्याला वाटतं, दोन मिनिटं मोबाईल पाहिला तर दोनच मिनिटं गेली. दोन मिनिटं गेली खरी, पण पुढची कितीतरी मिनिटं मन तिथंच घुटमळत राहतं. म्हणून आमच्या अभ्यासिकेत आता दाराशी एक लाकडी कपाट आहे, मोबाईल तिथं ठेवायचा. घरच्यांना मात्र अभ्यासिकेचा नंबर दिलेला असतो. आईचा फोन हा व्यत्यय नव्हे, हे मी फार महागात शिकलो.

दुसरी गोष्ट पद्धतीची. माझी बहीण पुस्तक मिटून लिहायची, त्याला शास्त्राचा आधार आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असं वाटतं. परीक्षेत कळतं की ओळख होती, दोस्ती नव्हती.

इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलो यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, त्यांनी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. पंचवीस मिनिटं काम, मग थोडी विश्रांती. आज त्यावर शेकडो ॲप आहेत. ॲप शोधण्यात अर्धा तास घालवू नका. आमच्या घरी हे काम कुकरच्या शिट्टीने भागलं.

तिसरी गोष्ट वेळ निवडण्याची. मिरजेची सतार आणि तंबोरा तुम्हाला ठाऊक आहेत. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हा उद्योग उभा केला आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझे एक लांबचे चाचा हे काम करतात. यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे जवारी. घोडीचा पृष्ठभाग कानशीने अगदी थोडा थोडा घासायचा, तार लावून ऐकायचं, पुन्हा घासायचं. एक हात जास्त पडला की आवाज बिघडला. चाचा जवारीचं काम फक्त सकाळी करतात. दुपारी भोपळा कापणं, लाकूड तासणं, रंग देणं. मी कारण विचारलं तर म्हणाले, 'बेटा, हात दिवसभर चालतो, कान सकाळीच चालतो.'

आपणही आपला कान कधी चालतो ते ओळखायला हवं. आपला दिवस तर पाच नमाजांनी आधीच वाटून दिलेला आहे. प्रत्येक दोन नमाजांच्या मधली वेळ हा एक खण समजा. सगळ्यात अवघड विषय सगळ्यात ताज्या खणात ठेवा, सोपं काम थकलेल्या खणात. माझ्यासाठी फज्रनंतरची वेळ चांगली ठरली. तुमच्यात कुणी रात्रपाळी करत असेल, कुणी दुकानात बसत असेल, त्याची वेळ वेगळी निघेल. आणि उठायची वेळ आली की उठा. वजू करून येणारा माणूस परत बसतो तेव्हा ताजा होऊन बसतो. झोप कापून अभ्यास वाढत नाही, पुस्तकावर डोकं टेकून झोपण्याची वेळ तेवढी वाढते.

चौथी गोष्ट जरा कडू आहे. ती मुलांसाठी आहे, मुलींना ती आधीच ठाऊक आहे. मी पुण्यात चौदा तास मोकळा होतो, कारण मिरजेत कुणीतरी मोकळं नव्हतं. केंद्र सरकारने २०१९ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. जे पुरुष घरकाम करत होते ते देत होते ९७ मिनिटं. आणि घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात चौघांत एक एवढे होते. भाऊ 'फोकस' करतो तेव्हा त्याचं ताट कोण उचलतं? बहिणीची परीक्षा असते तेव्हा तिचं ताट कोण उचलतं? समतोल हा शब्द आपण स्वतःच्या दिवसापुरताच वापरतो. घराचा समतोल बिघडवून माझा दिवस समतोल झाला, तर त्याला मी यश म्हणायचं का? आमच्या अभ्यासिकेत प्रवेश घेताना मुलांना मी एक अट घालतो. घरातलं रोजचं एक काम स्वतःच्या नावावर घ्यायचं. पाणी, भांडी, झाडू, काहीही. अभ्यासाचा अर्धा तास जाईल. जाऊ द्या. बहिणीला तो मिळेल.

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं कळल्यावरही तुमचं नाव यादीत का नाही आलं? प्रश्न बरोबर आहे. वही लिहायला लागल्यानंतरच मी मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, आणि तरीही राहिलो. चांगली सवय लावली की पद मिळतंच, असं जो सांगतो तो तुम्हाला काहीतरी विकतोय. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेचं २०२३ चं गणित पाहा. दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. हजारात एक. जालन्याचे अन्सार शेख रिक्षाचालकाचे चिरंजीव, एकविसाव्या वर्षी ही परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे आणि स्वप्न जरूर पाहा. पण उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांनीही जगायचं असतं. म्हणून तयारी सुरू करतानाच दोन गोष्टी कागदावर लिहा. किती प्रयत्न देणार, आणि नाही झालं तर काय करणार. मी तीन प्रयत्न ठरवले होते, चौथा दिला. तो अब्बांना विचारून दिला. त्यानंतर थांबलो. थांबणं म्हणजे हरणं, असं तेव्हा वाटलं होतं. आज वाटत नाही. हिशेबाचं काम शिकायला मला सहा महिने लागले, कारण शिकायचं कसं ते तोवर आलं होतं. आणि ते काम मला शिकवलं कुणी? बहिणीनंच. ती तेव्हा एका करसल्लागाराकडे नोकरीला लागली होती.

अब्बा आता काठी घेऊन चालतात. मशीनवर फारसे बसत नाहीत. रोज असरनंतर मी अर्धा तास त्यांच्याजवळ बसतो. बोलणं फार होत नाही. ते बटणं निवडत असतात, मी सुई ओवून देतो. वहीच्या हिशेबात हा अर्धा तास कुठल्या रकान्यात टाकावा हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग मी त्याच्यासाठी वेगळा रकाना केला.

जाता जाता एकच काम देतो. घरी गेल्यावर एक साधी वही घ्या, दहा-वीस रुपयांची. पानावर तीन रकाने आखा. खरा अभ्यास किंवा काम, घरासाठी दिलेला वेळ आणि कुठं गेला ते कळलं नाही असा वेळ. सात दिवस लिहा. कुणाला दाखवू नका, त्याचे फोटो टाकू नका. आठव्या दिवशी बेरीज करा. तिसरा रकाना पाहून वाईट वाटेल. मलाही वाटलं होतं. त्यातला फक्त एक तास पहिल्या दोन रकान्यांत आणा. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा भेटू तेव्हा मी तुम्हाला किती तास बसलात हे विचारणार नाही. काय आठवतंय आणि घरात कुठलं काम तुमच्या नावावर आहे, एवढंच विचारीन.